नव्या घराच्या बांधकामावर तरुणांना वीटकाम शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील गावठाणांत, विशेषतः शीळ, दिवा आणि घणसोलीच्या बाजूला, आम्ही तळमजला अधिक एक किंवा दोन मजल्यांची घरे बांधतो. बहुतेक प्रत्येक कामावर दोन-तीन नवशिके तरुण गवंडीकाम शिकत असतात. त्यांच्याविषयी घरमालक, लहान ठेकेदार, शिकवणारे मिस्त्री आणि खुद्द शिकणारी मुलेही आम्हाला बरेच प्रश्न विचारतात. त्यांतील पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

आमच्या राहत्या घराच्या भिंतीवर नवशिक्यांचा हात कशाला? पक्के गवंडी मिळत नाहीत का?

मिळतात, पण वर्षागणिक कमी होत आहेत. घोडबंदर रस्त्यावर किंवा उलव्याला जे मनोरे उभे राहतात, त्यांत बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियमच्या साच्यांत, म्हणजे कामगारांच्या भाषेत ‘मायवान’मध्ये, स्लॅबबरोबरच भिंतीही काँक्रीटच्या ओतल्या जातात, आणि जिथे भिंती रचल्या जातात तिथे मोठे हलके ब्लॉक असतात. अशा कामावर पाच वर्षे घमेली वाहिलेल्या मुलाला लाल विटेचा एक कोपराही उभारायला मिळालेला नसतो. वीटकाम शिकण्याची जागा म्हणून आता गावठाणातले छोटे घरच उरले आहे.

घरमालकाची भीती मात्र रास्त आहे, आणि तिचे उत्तर घराच्या रचनेत सापडते. आपल्याकडील नवी घरे बहुतांशी काँक्रीटच्या कॉलम-बीमच्या सांगाड्यावर उभी असतात, त्यामुळे मधली भिंत स्लॅबचे वजन पेलत नाही. तिने स्वतःचे वजन सांभाळून सरळ उभे राहायचे आणि पाऊस बाहेर ठेवायचा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. भिंतच स्लॅब पेलणार असेल, जुन्या घरावर मजला चढवताना हे अजूनही घडते, तर त्या भिंतीला आम्ही नवशिक्याचा हात लागू देत नाही. तिथे तो फक्त विटा पोहोचवतो आणि पाहतो.

शिकणाऱ्याचे वय किती असावे?

आमच्याकडे १८ वर्षे पूर्ण असल्याशिवाय कोणालाही घेतले जात नाही. १४ वर्षांखालील मुलाला बांधकामावर कामाला लावण्यास कायद्याने बंदी आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीपासून यात शंकेला जागाच राहिलेली नाही. १४ ते १८ या वयाविषयीही आम्ही काथ्याकूट करत बसत नाही, कारण परांचीवरून पडण्याचा धोका वय विचारून येत नाही. ‘सुट्टीत काकाबरोबर आला आहे, नुसता बसेल,’ असे सांगितले जाते, पण नुसता बसलेला मुलगा अर्ध्या तासात विटा उचलू लागतो, हा आमचा अनुभव आहे.

सुरुवात कोणत्या भिंतीपासून करावी?

जोत्याच्या वरच्या, जमिनीवर उभे राहून बांधता येईल अशा आतल्या ९ इंची भिंतीपासून. ४ इंची भिंत बारीक असल्यामुळे सोपी असेल असे वाटते, प्रत्यक्षात तीच अवघड असते, कारण एक वीट किंचित तिरकी बसली की ती दोन्ही बाजूंना दिसते आणि भिंत ओली असताना कोपराच्या धक्क्यानेही हलते. ९ इंची भिंतीला अंगचा तोल असतो. शिवाय विटांचा बंध, म्हणजे एका थराचा उभा सांधा पुढच्या थराच्या विटेने मोडणे, तिच्यातच नीट समजतो.

येथे एका वाईट सवयीचा उल्लेख करणे भाग आहे. वेळ वाचवण्यासाठी अनेक जण ९ इंची भिंत म्हणजे शेजारीशेजारी उभ्या केलेल्या दोन ४ इंची भिंती अशा पद्धतीने रचतात. बाहेरून पाहणाऱ्याला सगळ्या विटांची लांब बाजूच दिसते आणि आत दोन पापुद्र्यांमध्ये मालाने, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूने, नीट न भरलेली एक सलग फट राहते. नवशिक्याने पहिल्याच भिंतीत हे पाहिले तर त्याला तेच योग्य वाटते. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून इंग्लिश बाँडच शिकवतो : एका थरात विटांची लांब बाजू बाहेर, पुढच्या थरात विटांची टोके बाहेर, आणि टोकांच्या थरात कोपऱ्याच्या विटेला लागून लांबीत चिरलेली अर्धी वीट, म्हणजे सांधा आपोआप सरकतो. ही चिरलेली वीट कशासाठी, हे विचारणारा मुलगा लवकर शिकतो.

पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडून काय करून घ्यावे?

खऱ्या भिंतीला हात लावू देऊ नये. प्लॉटच्या एका कोपऱ्यात सव्वा मीटर लांबीची सरावभिंत बांधावी, आणि तीही सिमेंटमध्ये नव्हे, चाळलेल्या मातीच्या गाऱ्यात किंवा चुना-वाळूच्या पातळ मालात. संध्याकाळी ती उतरवायची, विटा खरवडून रचून ठेवायच्या आणि सकाळी पुन्हा बांधायची. चार-पाच दिवसांत त्याच दीडशे-दोनशे विटा त्याच्या हातातून इतक्या वेळा जातात की वीट उचलताना खोबण, म्हणजे विटेच्या एका अंगाचा खळगा, वर की खाली, हे पाहावे लागत नाही. खोबण वर ठेवायची, म्हणजे वरचा माल तिच्यात भरून बसतो.

आमचे ज्येष्ठ मिस्त्री, ज्यांना सगळी मुले मामा म्हणतात, पहिल्या दिवशी फक्त थापी धरायला शिकवतात. माल थापीवर घेऊन मनगटाच्या एका झटक्यात तीन विटांपुरता लांब पट्टा पसरता आला पाहिजे. नवशिका एकेका विटेखाली पोळीला तूप लावावे तसा माल सारवत बसतो, आणि तोवर त्यातले पाणी खालच्या विटेने शोषून घेतलेले असते. मामा अशा वेळी काही बोलत नाहीत. ते नुकतीच ठेवलेली वीट उचलतात आणि उलटी करून दाखवतात. तिच्या पोटाला माल चिकटलेला नसेल तर बोलण्याची गरजच उरत नाही.

विटा चांगल्या आहेत की नाहीत, हे नवशिक्याला कसे शिकवावे?

हातात देऊन. आपल्या भागात विटा भिवंडी, शहापूर, मुरबाडकडच्या भट्ट्यांवरून येतात आणि एकाच गाडीत तीन प्रतींचा माल असू शकतो. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज येणारी वीट कच्ची किंवा तडकलेली असते. नखाने ओरखडा उठू नये. साधारण १ मीटर उंचीवरून जमिनीवर सोडली तर तिचे तुकडे होऊ नयेत. चौथी परीक्षा वजनाची : कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात बुडवावी आणि पुन्हा तोलावी, वजन २० टक्क्यांहून अधिक वाढता कामा नये. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या पुढे गेली तर ती भट्टी आपल्या कामाची नाही. हे एकदा मुलांकडूनच किराणा दुकानातल्या काट्यावर करून घेतले, की पुढची गाडी आल्यावर ती स्वतःहून विटा वाजवू लागतात.

मापाविषयी एक खुलासा. भारतीय मानकातील मॉड्युलर वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची असते, पण आपल्या भट्ट्यांची वीट साधारण ९ × ४ × ३ इंचांची असते. पुस्तकातली कोष्टके पहिल्या विटेची असतात आणि साइटवर दुसरी असते. हिशेब शिकवताना हे सांगितले नाही तर मुलगा गोंधळतो.

विटा भिजवाव्यात का, आणि किती?

लाल विटा भिजवायलाच हव्यात. कोरडी वीट मालातले पाणी ओढून घेते आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. असा सांधा महिन्याभराने खिळ्याने खरवडला तर भुरभुर पडतो. टाकीत बुडवलेल्या विटेतून बुडबुडे येणे थांबले की ती भिजली असे समजावे, मग बाहेर काढून निथळू द्यावी. पाणी गळत असलेली वीट लावली तर ती मालावर तरंगते आणि वरचे दोन थर चढेपर्यंत जागेवरून सरकते. वीट आतून ओली आणि बाहेरून सुकलेली असावी. फ्लाय ॲशच्या विटांवर नुसते पाणी शिंपडले तरी पुरते, आणि हलक्या ब्लॉकचे तर फक्त तोंड ओले करायचे असते.

माल कालवताना नवशिके कोणत्या चुका करतात?

मुख्य चूक मापाची. ‘एकास सहा’ म्हणजे एक गोण सिमेंटला सहा घमेली वाळू, असा समज पक्का झालेला असतो. ५० किलोच्या गोणीतील सिमेंटचे आकारमान सुमारे ३५ लिटर असते, म्हणून वाळूही ३५ लिटरच्या फर्म्याने, म्हणजे मापाच्या खोक्याने, मोजायची. ४० × ३५ × २५ सेंटिमीटरचा लाकडी फर्मा बरोबर ३५ लिटरचा होतो. आम्ही तो मुलांकडूनच ठोकून घेतो, म्हणजे माप कुठून आले हे विसरले जात नाही. ९ इंची भिंतीला १:६ आणि ४ इंची भिंतीला १:४ हे प्रमाण आम्ही ठेवतो. सिमेंट आणि वाळू आधी कोरडी, रंग एकसारखा होईपर्यंत, दोन-तीन वेळा उलथापालथ करून मिसळायची आणि मगच पाणी घालायचे.

दुसरी चूक वेळेची. पाणी घातल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच माल कालवावा. जेवणाआधी राहिलेला घट्ट माल जेवणानंतर पाणी मारून पुन्हा नरम करणे ही आपल्या साइटवरची जुनी खोड आहे. नवशिक्याला तो माल नेहमीसारखाच वाटतो, थापीवरून छान सरकतोही, पण त्यातले सिमेंट जमू लागलेले असते आणि ढवळून त्याची पकड मोडलेली असते. अशा मालाचे घमेले आम्ही मुलांसमोर भरावात ओततो. पैसे वाया जाताना दिसले की गोष्ट लक्षात राहते.

वाळूविषयी इतकेच की खाडीची न धुतलेली रेती घेऊ नये. तिच्यातील क्षारांमुळे भिंतीला लोणा लागतो, गिलावा फुगतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. खाडीकाठच्या जुन्या घरांत हे कोणालाही पाहता येईल. आता बहुतेक कामांवर दगडाची क्रश सँड असते, तिच्यात चुरी जास्त असण्याचा धोका असतो. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी हलवून तीन तास ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर खालच्या वाळूच्या बाराव्या हिश्श्याहून जाड असला तर आम्ही गाडी परत पाठवतो.

ओळंबा आणि दोरी शिकवायला एवढा वेळ का लागतो?

कारण ही साधने दिसायला सोपी आहेत आणि चुकीची वापरली तरी चुकल्याचे सांगत नाहीत. ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी आहे का हे पाहण्यासाठी सुताला बांधलेला जड गोळा; त्याला वरच्या बाजूस गोळ्याच्याच रुंदीचा एक गट्टू, म्हणजे ठोकळा, असतो. गट्टू भिंतीला टेकवून गोळा खाली सोडला की तो भिंतीला जेमतेम स्पर्श करत लटकला पाहिजे. गोळा भिंतीपासून दूर राहिला तर भिंतीचा माथा आपल्याकडे झुकला आहे. गोळा भिंतीवर रेलला आणि सूत ढिले वाटले तर माथा पलीकडे गेला आहे. बहुतेक मुले हे पाठ करतात आणि उलट सांगतात. म्हणून आम्ही आधी एक फळी हाताने मागेपुढे झुकवतो आणि गोळा काय करतो ते पाहायला लावतो. घणसोली-ऐरोलीकडे दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो, तेव्हा गोळा झुलत राहतो. अशा वेळी घाई न करता गोळा पाण्याच्या मगात बुडवून स्थिर करावा, किंवा सरळ तपासणी सकाळसाठी ठेवावी.

दोरीची गंमत निराळी आहे. दोन्ही कोपरे मिस्त्रीने चार-पाच थर चढवून ठेवायचे आणि मधला भाग नवशिक्याने दोरीला धरून भरायचा, ही रीत सर्वत्र आहे. पण दोरी लांब असली की मध्यभागी स्वतःच्या वजनाने लोंबते, आणि प्रत्येक थर त्या झोळाच्या मागे जातो. चार मीटरच्या पुढे दोरीला मध्ये आधाराची एक वीट द्यावी. दुसरे असे की वीट दोरीला टेकवायची नाही. दोन्हींमध्ये जाड कागद सरकेल एवढी फट हवी. एक वीट दोरीला लागली की दोरी बाहेर ढकलली जाते, पुढची वीट त्या ढकललेल्या दोरीला धरून बसते, आणि भिंतीला पोट येते.

थरांची उंची सांभाळायला लाकडी पट्टी करून ठेवावी. आपल्या ३ इंची विटेला १० मिलिमीटर सांधा धरला तर दर ८५ मिलिमीटरला एक खूण येते. पट्टी दोन्ही कोपऱ्यांना उभी धरली की कोणत्या थरात माल जाड पडला ते लगेच कळते. लेव्हल पाइप, म्हणजे पातळी जुळवायची पाणी भरलेली नळी, वापरण्यापूर्वी त्यातील हवेचा बुडबुडा काढला आहे का आणि दोन्ही टोकांवरून अंगठा उचलला आहे का, हे आधी पाहावे. या दोन गोष्टींमुळे आम्ही एकदा अख्ख्या खोलीची लिंटेलची, म्हणजे दारे-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईची, पातळी चुकवून बसलो होतो.

नवशिक्याची भिंत चुकली तर पाडावी का?

मापाबाहेर असेल तर पाडावी, आणि ज्याने बांधली त्यालाच पाडू द्यावी. एका मजल्यात, ३ मीटर उंचीत, भिंत ओळंब्यातून ६ मिलिमीटरपेक्षा अधिक सुटू नये अशी मर्यादा वीटकामाच्या मानकात आहे. पहिल्या भिंतीकडून इतक्या काटेकोर कामाची आशा आम्ही ठेवत नाही; १० मिलिमीटरच्या आत असेल तर गिलाव्यात सांभाळून घेतो आणि पुढच्या भिंतीत ते घडू नये हे पाहतो.

शीळजवळच्या एका घरात न्हाणीघराची ३ मीटर लांब, ४ इंची भिंत एका हुशार मुलाला दिली होती. तिसऱ्या थरातली एक वीट दोरीमागे अडकून दोरी बाहेर आली, आणि पुढचे सात थर त्या वाकड्या दोरीला धरून सरळ चढले. मी दोन्ही टोकांना ओळंबा लावला, टोके बरोबर होती, आणि मी पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी उन्हाची तिरीप भिंतीवर पडली तेव्हा मध्यावरची सावली दिसली. फळी लावून मोजले तर पोट १८ मिलिमीटर होते. घरमालक म्हणाले, “राहू द्या साहेब, गिलाव्यात झाकून जाईल.” पण आतला गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटरचा असतो. पोटावर तो पापुद्र्याएवढा राहिला असता आणि दोन्ही टोकांना दुप्पट जाड थापावा लागला असता, आणि एवढा जाड थर पुढे पोकळ वाजतो, सुटतो. भिंत उतरवली. चूक मुलाइतकीच माझी होती, कारण मी मध्यभाग पाहिलाच नव्हता. तेव्हापासून दर चौथ्या थराला टोकांवर आणि मध्यावर, अशी तीन ठिकाणी तपासणी होते आणि तिची नोंद भिंतीवरच खडूने लिहिली जाते.

उभ्या सांध्यांवर एवढा भर का?

आडवा सांधा आपोआप भरतो, उभा सांधा भरावा लागतो. नवशिका विटेच्या टोकाला माल लावायचा विसरतो आणि नंतर समोरून थोडा माल ठासून तोंड बंद करतो. आत पोकळी राहते. ठाण्याच्या पावसात, वारा नैऋत्येकडून रेटत असताना, पाणी त्याच पोकळीतून वाट काढते आणि घरात शिरल्यावर आपण गिलाव्याला दोष देतो. याची परीक्षा सोपी आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर एकाने भिंतीमागून टॉर्च फिरवायचा आणि दुसऱ्याने समोरून पाहायचे. एकदा एका मुलाने बांधलेल्या भिंतीतून अकरा ठिकाणी उजेड आला. त्यानंतर त्याला उभ्या सांध्याविषयी कोणी काही सांगितल्याचे मला आठवत नाही. काम ओले असतानाच सांधे साधारण १० मिलिमीटर खोल खरवडून ठेवावेत, म्हणजे गिलाव्याला पकड मिळते.

४ इंची भिंत त्यांच्याकडे कधी द्यावी?

९ इंची दोन भिंती ओळंब्यात आल्यावर. तिला दर १ मीटर उंचीवर काँक्रीटची पट्टी घालावी, जिला साइटवर पाटली म्हणतात, आणि त्या पट्टीत बारीक सळ्या असाव्यात. पट्टी घातल्यावर त्या दिवशी वर वीट चढवू नये.

दिवसाला किती विटा लावल्या पाहिजेत?

मुरलेला गवंडी हाताखाली बिगारी असताना दिवसाला साधारण १ ते सव्वा घनमीटर वीटकाम करतो, म्हणजे मॉड्युलर विटांच्या हिशेबाने ५०० ते ६२५ विटा. नवशिक्याने पहिल्या महिन्यात दिवसाला दीडशे लावल्या तरी आम्ही समाधानी असतो. त्याच्यासमोर आकडा ठेवला की तो उभे सांधे सोडतो, हे इतक्या वेळा पाहिले आहे की शिकणाऱ्यांच्या भिंतीचा ठेका विटेच्या नगावर देणे आम्ही बंद केले. ठेकेदारांना आमचे एवढेच सांगणे आहे की नगावर मजुरी आणि शिकवणी या दोन गोष्टी एका दोरीवर वाळत घालता येत नाहीत.

उंचीचीही मर्यादा आहे. एका दिवसात दीड मीटरपेक्षा अधिक वीटकाम चढवू नये; नवशिक्यांसाठी आम्ही १ मीटर, म्हणजे अकरा-बारा थर ठेवतो. खालचा ओला सांधा वरच्या वजनाने दबतो आणि भिंत न कळत कलते.

भिंत बीमपर्यंत पोहोचल्यावर काय सांगावे?

शेवटचा थर त्याच दिवशी बंद करायचा नाही. ओला माल सुकताना थोडा बसतो. घाईने भरलेली फट महिन्याभरात बीमखाली आडव्या भेगेच्या रूपाने परत येते. काही दिवस थांबून मग ती घट्ट मालाने ठासावी. कॉलमला भिंत भिडते तिथे कॉलमच्या गुळगुळीत काँक्रीटला आधी टाचे मारावेत, म्हणजे छिन्नीने बारीक खाचा पाडाव्यात, आणि गिलाव्यापूर्वी त्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोकावी. हे काम कंटाळवाणे असते, म्हणून मोठे मिस्त्री ते टाळतात आणि शिकणाऱ्या मुलांवर सोपवतात. मुलांना त्याचे कारण सांगून सोपवले तर ती ते चांगले करतात.

पावसाळ्यात शिकवणी चालू ठेवावी का?

आतल्या भिंतींवर, स्लॅबखाली, चालू ठेवावी. उघड्यावरची ताजी भिंत मात्र सरीने धुतली जाते. म्हणून ताडपत्री हाताशी ठेवावी आणि संध्याकाळी भिंतीचा माथा झाकावा. पाऊस पडतो म्हणून पाणी मारायची गरज नाही, हा समजही खोडून काढावा लागतो, कारण स्लॅबखालच्या भिंतीवर पाऊस पडत नाही. किमान ७ दिवस, आणि पोझोलाना (राख मिसळलेले) सिमेंट असेल तर १० दिवस, भिंत ओली राहिली पाहिजे. भट्ट्या पावसाळ्यात बंद असल्याने लागणाऱ्या विटा मे महिन्यातच आणून, फळ्यांवर रचून झाकून ठेवाव्यात.

साइटवर अनेक भाषा असतात; शिकवायचे कोणत्या भाषेत?

आमच्याकडे आगरी मुले, जालना-परभणीकडून आलेली मुले, बिहार आणि बंगालचे कारागीर असे सगळे असतात आणि कामाची बोली अर्धी हिंदी असते. गोंधळ शब्दांचा होतो. मराठी गवंडी ज्याला थापी म्हणतो तिला उत्तरेकडचा कारागीर करनी म्हणतो, आणि त्याच्या भाषेत थापी म्हणजे चोपायचे लाकूड. ‘थापी आण’ म्हटल्यावर मुलगा भलतेच घेऊन आला आणि दोघेही एकमेकांवर चिडले, असे झाले आहे. ओळंब्याला साहुल म्हणतात, मालाला मसाला. आम्ही सामानाच्या खोलीच्या दारावर दोन्ही शब्दांची पाटी लावली आहे, आणि शिकणाऱ्याने दोन्ही शिकावेत असे सांगतो, कारण उद्या तो कोणत्या टोळीत काम करील हे कोणालाच माहीत नसते.

शिकणाऱ्याला मजुरी द्यावी का? नोंदणीचे काय?

मजुरी पहिल्या दिवसापासून द्यावी. सरावभिंतीच्या आठवड्यातही तो सकाळी विटा उतरवतो, वाळू चाळतो, पाणी मारतो, म्हणजे बिगारीचे काम करतोच. ‘शिकवतो आहोत, हेच काय कमी’ असे म्हणून फुकट राबवणे आम्हाला मान्य नाही, आणि शासनाने ठरवलेल्या किमान वेतनाखाली कोणालाही ठेवता येत नाही.

नोंदणीसाठी हजेरीवही नीट ठेवा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी होते, आणि तिच्यासाठी मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. छोट्या ठेकेदाराकडे वहीच नसते, आणि मुलाचे तीन-तीन साइटवरचे दिवस हवेत विरतात. आम्ही काम संपताना प्रत्येकाला दिवसांचा दाखला सहीशिक्क्यानिशी देतो. ज्याला पुढे कागदावरचे प्रशिक्षण हवे, त्याच्यासाठी आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे.

सुरक्षेसाठी काय सक्तीचे असावे?

हेल्मेट, बंद बूट आणि रबरी हातमोजे. यातल्या हातमोज्यांवर वाद होतो, कारण मोजे घालून थापी नीट धरता येत नाही अशी तक्रार असते. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही, तिसऱ्या दिवशी बोटांच्या पेरांना चिरा पडतात आणि त्यांत माल शिरला की मुलगा आठवडाभर घरी बसतो. परांचीवर विटांचा ढीग रचू नये, फळ्या दोन्ही टोकांना बांधलेल्या असाव्यात, आणि वीट वर फेकून झेलण्याचा खेळ बंद असावा. वीट मशीनने कापायची असेल तर ती ओली करून, तोंडावर मास्क बांधून कापावी. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते तीन आम्ही भिंतीवर कोणाला चढवत नाही.

घरमालकाने शिकणाऱ्यांशी कसे वागावे?

सूचना मिस्त्रीला द्यावी, मुलाला नव्हे. घरातली आजी चहा घेऊन येते आणि ‘बाळा, वीट वाकडी दिसते रे’ म्हणते, त्याला आमची हरकत नाही. बहुतेक वेळा वीट खरेच वाकडी असते. पण खिडकीची जागा चार बोटे सरकवण्याची सूचना थेट मुलाला दिली, की तो नाही म्हणू शकत नाही आणि चौकट आल्यावर सगळ्यांची धावपळ होते.

खर्च वाढतो का?

थोडा वाढतो. सरावातल्या फुटलेल्या विटा, ओतून दिलेला माल आणि एखादी उतरवलेली भिंत यांचा भार आम्ही उचलतो, घरमालकाच्या बिलात टाकत नाही. वेळ मात्र त्यांचा जातो, साधारण दोन-तीन आठवडे, आणि ही गोष्ट करारापूर्वीच सांगतो. ज्यांना गृहप्रवेशाचा मुहूर्त ठरवून ठेवायचा असतो, त्यांच्या कामावर आम्ही नवशिके ठेवत नाही.

मुलगा गवंडी झाला, हे कधी म्हणायचे?

दोरीला धरून मधली भिंत भरता आली, तर तो अर्धा गवंडी. कोपरा स्वतः चढवता आला, की पुरा. कोपऱ्याला दोरीचा आधार नसतो. तिथे गुण्या (काटकोन तपासायचे साधन), ओळंबा, पट्टी आणि डोळा यांवरच काम चालते. आमच्याकडे ही वेळ सहसा दुसऱ्या किंवा तिसऱ्या घराला येते. मामा एका सकाळी कोपऱ्याजवळ जातात, स्वतःचा ओळंबा मुलाच्या हातात देतात आणि चहाला निघून जातात. अर्ध्या तासाने परत येऊन ते चारही थरांवरून अंगठा फिरवतात, आणि काही न बोलता दोरीचे दुसरे टोक धरायला पलीकडच्या कोपऱ्याला जातात.